गरम पाण्याच्या कुंडांच्या गावासाठी एसटीपी: आधी कुंडाचे पाणी वेगळे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीकाठचे लहान गाव, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध. कायम वस्ती सुमारे सहा हजार, शनिवार-रविवारी त्याहून जास्त भाविक आणि पर्यटक. कुंडांचा ओव्हरफ्लो, लॉजची न्हाणीघरे, हॉटेलांची स्वयंपाकघरे आणि घरांची गटारे आज एकाच नाल्याला मिळतात. त्या नाल्याच्या तोंडाशी सांडपाणी प्रक्रिया केंद्र (एसटीपी) बांधायचे आहे. क्षमता किती धरावी आणि पद्धत कोणती घ्यावी?

क्षमता आणि पद्धत दोन्ही सांगतो, पण त्याआधीचे एक काम चुकले तर पुढचे कोणतेही यंत्र ते भरून काढू शकत नाही. कुंडाचे पाणी सांडपाण्यात येऊ देऊ नका. ते सांडपाणी नाहीच. गरम आहे, क्षारयुक्त आहे, बऱ्याच ठिकाणी त्याला गंधकाचा वास असतो आणि ते रात्रंदिवस वाहते. नाल्याच्या तोंडाशी केंद्र बांधले की हे सगळे आपोआप केंद्रात शिरते. तानसाकाठचा वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी पट्टा, पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी अशा कोणत्याही ऊन पाण्याच्या ठिकाणी पहिला विचार हाच करायला हवा.

आकड्यांत पाहू. हिशेबासाठी धरा की सगळ्या कुंडांचा मिळून प्रवाह सेकंदाला ३ लिटर आहे, म्हणजे दिवसाला सुमारे २६० घनमीटर, तापमान ४८ अंश. गावाचे सांडपाणी आडवारी (सोमवार ते शुक्रवार) ७८० घनमीटर, तापमान २८ अंश. दोन्ही मिसळले तर सरासरी ३३ अंश येते. हा आकडा फसवा आहे, कारण कुंड झोपत नाही आणि गाव झोपते. पहाटे २ ते ४ या वेळेत गावाचा प्रवाह तासाला १० घनमीटरवर येतो आणि कुंडाचा मात्र १०.८ घनमीटरच राहतो. तेव्हा मिश्रण ३८ अंशांच्या पुढे जाते. वाटेत थोडे निवते हे खरे, पण रोज रात्री असा चढ आणि रोज सकाळी उतार होत राहतो. केंद्रात घाण खाण्याचे काम जिवाणू करतात. ३५ अंशांपुढे त्यांच्या गाळाचे गोळे विस्कटू लागतात आणि निथळ, म्हणजे गाळ खाली बसल्यावर वर उरणारे पाणी, गढूळ येते. ३८ ते ४० अंशांना अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २८ अंशांना लिटरमागे जेमतेम ७.८ मिलिग्रॅम, ३८ अंशांना ६.६. जिवाणूंची मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी स्थिती होते.

दुसरे नुकसान गंधकाचे. कुंडाच्या पाण्यातला मुक्त हायड्रोजन सल्फाइड बहुधा थोडाच असतो. लिटरमागे ३ मिलिग्रॅम धरला तरी दिवसाला पाऊण किलो, आणि तो पूर्ण जाळायला दुप्पट, म्हणजे दीड किलो प्राणवायू पुरतो. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला ते जाणवतही नाही. खरी अडचण पाण्यातल्या सल्फेटची आहे. सल्फेटयुक्त गरम पाणी मैल्यात मिसळून गटारात संथ वाहू लागले की पाइपाच्या भिंतीवरच्या चिकट थरातले जिवाणू त्या सल्फेटचा सल्फाइड करतात. तापमान एका अंशाने वाढले की हा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. २८ वरून ३८ वर गेलात की जवळजवळ दुप्पट. हा वायू चेंबरमध्ये वर येतो, ओल्या काँक्रीटवर बसतो, तिथले दुसरे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि पाइपाचा वरचा भाग पिठासारखा भुसभुशीत होतो. खालचा भाग, जिथून पाणी वाहते, तो मात्र ठणठणीत दिसतो. म्हणून वरवर पाहणाऱ्याला दोष दिसत नाही.

तिसरे नुकसान शेतीचे. प्रक्रिया केलेले पाणी बागेला, भाजीच्या मळ्याला देता येईल हा अशा प्रकल्पाचा मोठा फायदा असतो. जैविक प्रक्रिया क्षार काढत नाही. कुंडाचे सोडियम आणि क्लोराइड जसेच्या तसे बाहेर येतात आणि शेतकरी ते पाणी घेत नाही.

म्हणून प्रकल्प अहवाल करण्याआधी आठवडाभर मोजणी करा. साहित्य साधे आहे: लांब तारेचा थर्मामीटर, हातात धरायचा विद्युतवाहकता मीटर (पाण्यात क्षार जितके जास्त तितका आकडा जास्त), बादली, घड्याळ आणि प्लायवुडचा ९० अंशांचा व्ही-नॉच (फळीला कापलेली इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच; तिच्यातल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो). व्ही-नॉचवर पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर असतो. तीन लिटरला साडेआठ-नऊ सेंटिमीटर येते. रात्री २ ते ४ दरम्यान प्रत्येक चेंबरवर जाऊन तापमान आणि वाहकता लिहून काढा. चेंबरचे झाकण उघडून थोडा वेळ जाऊ द्या, दोरीला बाटली बांधून नमुना वर घ्या, आत कोणीही उतरायचे नाही. वाहकतेवरून कुंडाच्या पाण्याचा वाटा लगेच निघतो. गावाच्या सांडपाण्याची वाहकता ९००, कुंडाची ३,०००, आणि एखाद्या चेंबरमध्ये १,४०० आली, तर (१,४०० − ९००) ÷ (३,००० − ९००), म्हणजे २४ टक्के पाणी कुंडाचे. ज्या दोन चेंबरांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, त्यांच्या मध्येच जोडणी आहे. बऱ्याचदा ती एखाद्या लॉजच्या खासगी टाकीची निघते. कुंडावरून पाइप घेऊन न्हाणीघरात सतत वाहते ठेवलेले असते, कारण पाणी फुकट आहे आणि नळ क्षारांनी अडकतात. तिथे फ्लोट व्हॉल्व्ह बसवणे आणि ओव्हरफ्लो वेगळ्या ओळीला जोडणे एवढेच काम असते.

वेगळे काढलेले कुंडाचे पाणी नदीत सोडायचे तर तेही थेट नको. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार सोडलेले पाणी नदीच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम नसावे, आणि सल्फाइड लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत हवा. मूळ झरा निसर्गतः नदीला मिळत असेल तर तो मिळू द्या. बांधकाम करून जे पाणी आपण वळवतो त्याला हा नियम लावून घ्यावा. सोपा उपाय म्हणजे तीस-तीस सेंटिमीटरच्या चार-पाच पायऱ्यांचा धबधबा आणि पुढे उथळ तळे. सेकंदाला ३ लिटर पाणी ४८ वरून ३३ अंशांवर आणायला सुमारे १९० किलोवॅट उष्णता घालवावी लागते. उघड्या उथळ पृष्ठभागावरून, वारा बरा असेल तर, चौरस मीटरला ७०० वॉट धरा. म्हणजे २५० ते ३०० चौरस मीटर तळे, खोली ३०-४० सेंटिमीटर. धबधब्यावर गंधकाचा वास सुटतो, त्यामुळे तो घरांपासून आणि देवळापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. पायऱ्यांवर पांढरी तंतुमय साय धरेल. ती गंधक खाणाऱ्या जिवाणूंची असते. घाबरू नका, महिन्यातून एकदा झाडूने काढा.

स्नानाच्या कुंडात साबण, शाम्पू आणि उटणे बंद करावेच लागेल. कुंडाशेजारी शॉवर द्या, अंग आधी तिथे धुवायचे, मग कुंडात उतरायचे. शॉवरचे पाणी गटाराला, कुंडाचा ओव्हरफ्लो थंड तळ्याला. हा नियम पाळला तरच दोन ओळी वेगळ्या ठेवण्याला अर्थ आहे. फलकावर लिहून भागत नाही. साबण विकणारी टपरी कुंडाच्या पायरीला लागून नसावी, आणि शॉवर खरोखर चालू असावेत.

कुंड धुण्याचे पाणी हा वेगळा विषय. ६ × ५ मीटरचे, १.२ मीटर खोल कुंड म्हणजे ३६ घनमीटर पाणी. ते अर्ध्या तासात सोडले तर सेकंदाला २० लिटर होतात आणि गावाच्या सकाळच्या ऐन गर्दीच्या प्रवाहाइतका लोंढा, तोही ४५ अंशांचा, केंद्रावर आदळतो. वरचे स्वच्छ पाणी आधी थंड तळ्यात काढा, तळाचा गाळ आणि घासलेले पाणी तेवढे गटाराला, तेही सेकंदाला २ लिटरपेक्षा वेगाने नाही. सगळे कुंड गटारातच सोडावे लागले तर याच वेगाने ५ तास लागतील. नळ पूर्ण उघडता येऊ नये म्हणून पाइपात छिद्राची चकती बसवून टाका. कुंड ब्लीचिंगने घासले असेल तर ते पाणी तळ्यात नको, तिथले मासे आणि बेडूक मरतील.

आता क्षमता. सांडपाणी व्यवस्थेच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. सहा हजारांचे ६५० घनमीटर. लॉजच्या दीड हजार खाटा पूर्ण भरल्या तर खाटेमागे १८० लिटरच्या ८० टक्क्यांनी २१६. दिवसभर येऊन जाणारे आठ हजार लोक, माणशी २५ लिटर धरून २००. जमिनीतून झिरपणारे पाणी १० टक्के, म्हणजे ६५. एकूण रविवारी ११३० घनमीटर, आडवारी ७८०. केंद्र १.२ एमएलडीचे (एक एमएलडी म्हणजे दिवसाला हजार घनमीटर) घ्या, पण ०.६ च्या दोन समांतर शाखांत. कुंडाचे पाणी आत राहिले असते तर हाच आकडा दीड एमएलडीवर गेला असता आणि जास्तीचा पैसा स्वच्छ गरम पाणी ढवळण्यात जळला असता.

सेंद्रिय भार माणशी २७ ग्रॅम बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) धरला की लिटरमागे २५० मिलिग्रॅम येतो. गावाचे १६२ किलो, भरलेल्या लॉजचे खानावळींसह ६०, दिवसाच्या पाहुण्यांचे माणशी ८ ग्रॅमने ६४. रविवारी साधारण २८५ किलो. इथे एक गोष्ट बहुतेक अहवालांत सुटते. दिवसभरासाठी येणारा माणूस शौचालयात मुख्यतः लघवीसाठी जातो. म्हणजे रविवारी बीओडीपेक्षा लघवीतला, पुढे अमोनिया होणारा नायट्रोजन जास्त प्रमाणात वाढतो. घरटी माणशी ५.४ ग्रॅम नायट्रोजन धरतात, त्याचे ३२ किलो. लॉज आणि पाहुणे मिळवून रविवारी ६४ किलो, बरोबर दुप्पट. ब्लोअर फक्त बीओडीवर काढलेले असतील तर रविवारी संध्याकाळी अमोनिया निसटतो आणि सोमवारचा नमुना नापास होतो.

पद्धतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लहान नगर परिषदेने किंवा मोठ्या ग्रामपंचायतीने दीर्घ वायुवीजनाची साधी सक्रिय गाळ पद्धत (जिवाणूंचा गाळ टाकीत ठेवून त्यात बराच वेळ हवा सोडायची) घ्यावी, पुढे हवा न सोडलेला प्राणवायूविरहित कप्पा, मागे गाळ खाली बसवणारी गोल निथळ टाकी आणि शेवटी गाळणी. एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने भरणे, हवा देणे आणि निथळणे) चांगले चालते, पण वरचे पाणी काढणारा डिकँटर, स्वयंचलित झडपा आणि त्या चालवणारा पीएलसी नियंत्रक यांतले एक बिघडले आणि तंत्रज्ञ शहरातून यायला चार दिवस लागले की केंद्र बंद. एमबीबीआरची, म्हणजे तरंगत्या चाकांवर जिवाणू वाढवण्याच्या पद्धतीतली, प्लॅस्टिकची चाके केस, टॉवेलचे धागे आणि क्षारांनी जड होतात. कुंडाच्या गावात केस आणि धागे भरपूर. मेम्ब्रेनचा, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण पडद्याचा, तर विचारही नको. अभ्यंगाचे तेल तिला सोसत नाही.

मापे अशी येतात. जाळ्या दोन: आधी २० मिलिमीटरची हाताने साफ करायची, मग ६ मिलिमीटरची यांत्रिक. निर्माल्य, नारळाची शेंडी, शाम्पूच्या पुड्या, अंतर्वस्त्रे हे सगळे पहिल्या जाळीवर आले पाहिजे. वाळू टाकी ठेवा, लोक नदीतून ओल्या पायांनी येतात. समतोल टाकी (कमी-जास्त येणारे पाणी साठवून एकसारखे पुढे सोडणारी) ४०० घनमीटर, म्हणजे रविवारच्या सरासरीने आठ तास. तिला ढवळणी आणि हवा दोन्ही हवीत, नाहीतर तीच टाकी गंधकाचा कारखाना बनते. वायुवीजन टाक्या दोन मिळून ८२० घनमीटर, गाळाचे प्रमाण लिटरमागे ३,५०० मिलिग्रॅम. यात रविवारी अन्न आणि जिवाणूंचे गुणोत्तर (दिवसाचा बीओडी भागिले टाकीतला गाळ) ०.१ येते आणि आडवारी ०.०६ च्या आसपास. प्राणवायू रविवारी सुमारे ४५० किलो लागतो. चार मीटर खोलीत बारीक बुडबुड्यांचे डिफ्यूझर (तळाशी हवा सोडणाऱ्या छिद्रांच्या रबरी चकत्या) धरून हवा सरासरी तासाला ७०० घनमीटर, गर्दीच्या तासांत हजार. तासाला ५०० घनमीटरचे तीन ब्लोअर घ्या, दोन चालू, एक राखीव, तिन्हींना वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी. डिफ्यूझरचे रबर ईपीडीएम नको, तेलाने ते फुगते आणि कडक होते. सिलिकॉनचे घ्या. निथळ टाक्या ८ मीटर व्यासाच्या दोन, बाजूची खोली साडेतीन मीटर. यांवर पाण्याचा भार रविवारीही चौरस मीटरला ११-१२ घनमीटर इतकाच राहतो. ही सैल मापे मुद्दाम ठेवली आहेत. गर्दीच्या दिवशी गाळ फुगला तरी तो वाहून जाऊ नये म्हणून.

क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, तपासा. ५० किलो अमोनियाचे नायट्रेट होताना ३५७ किलो क्षारता खर्च होते, म्हणजे लिटरमागे ३१५ मिलिग्रॅम. प्राणवायूविरहित कप्पा त्यातली सव्वाशे परत देतो. उरलेली १९० गावाच्या पाण्यात आहे का? कोकणातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा मऊ असते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षारता ७० च्या खाली आली आणि सामू ६.५ कडे घसरला की चुना किंवा सोडा द्यावा लागेल. त्याची टाकी आणि डोसिंग पंप सुरुवातीलाच निविदेत घाला.

तेलाबद्दल. हॉटेल आणि मसाज केंद्रांना तेल सापळा सक्तीचा करा, गर्दीच्या प्रवाहाला ३० मिनिटे धारण. पण गरम पाण्यात तेल वर येत नाही, साबणाबरोबर विरघळल्यासारखे पुढे जाते. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठते. म्हणून ते न्हाणीघरात दिसत नाही, सापळ्यात थांबत नाही आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पुढच्या गार पाइपात मेणासारखे बसते. न्हाणीघराचे गरम पाणी आधी एका साध्या निवण्याच्या कप्प्यात घेऊन मग सापळ्यात सोडले तर सापळा काम करतो. सापळ्यातली साय आठवड्याला काढून झाकणबंद डब्यात ठेवायची. गटारात ढकललेली साय समतोल टाकीच्या फ्लोटवर जाऊन चिकटते आणि पंप बंद होत नाही.

पाइप एचडीपीई प्लॅस्टिकचे किंवा स्टोनवेअरचे (भाजलेल्या चकचकीत मातीचे) घ्या. यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) ४५ अंशांच्या पुढे मऊ पडतो, त्यामुळे कुंडाच्या ओळीला तो चालणार नाही. चेंबर काँक्रीटचे असतील तर आतून एचडीपीईचे अस्तर हवे. सल्फेटरोधक सिमेंट वापरले की झाले, असे बरेच कंत्राटदार सांगतात. ते सिमेंट जमिनीतल्या सल्फेटला टिकते, पण पाइपाच्या छतावर तयार होणाऱ्या, सामू १-२ च्या आम्लाला टिकत नाही. उतार असा ठेवा की सकाळच्या गर्दीत तरी वेग सेकंदाला ०.६ ते ०.८ मीटर येईल. पंपाची दाबवाहिनी लांब असेल तर तिच्यात पाणी दोन तासांपेक्षा जास्त साचू देऊ नका. दाबवाहिनीच्या तोंडाशीच वायू सर्वांत जास्त निघतो, तिथले चेंबर बंद, वायुवाहिनी उंच.

हा हायड्रोजन सल्फाइड वायू माणसे मारतो. हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भाग) आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस उतरतो. पाचशेच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध जाते, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. जेटिंग आणि सक्शनची गाडी भाड्याने मिळते, चार वायूंचा मीटर लहान नगर परिषदेलाही परवडतो. हे दोन्ही पंप खरेदीच्या आधी हवेत.

केंद्राची जागा नाल्याच्या तोंडाशी ठेवायचीच असेल तर आधी पूररेषांचा नकाशा पाहा. निळ्या पूररेषेच्या (अधूनमधून येणाऱ्या पुराची हद्द) आत बांधकाम नको. विजेचे पॅनेल, ब्लोअर आणि जनरेटर लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या महापुराची हद्द) पातळीच्या वर. सोडण्याच्या पाइपाला फ्लॅप झडप लावा, नाहीतर जुलैत नदी उलटी आत येते. कोकणात चार महिने गाळ वाळत नाही. उघड्या वाळवण वाफ्यांवर अवलंबून राहिलात तर ऑगस्टपर्यंत टाकीतला गाळ काढायला जागा उरत नाही, तो निथळीबरोबर नदीत जातो. दिवसाला १३० किलो कोरडा गाळ धरा, पातळ अवस्थेत १६ घनमीटर. तासाला २०-२५ किलोचे स्क्रू प्रेस (गाळ पिळून पाणी काढणारे यंत्र) घ्या, वाफे पारदर्शक छताचे ठेवा.

चालवताना आठवड्याचे वेळापत्रक हेच मुख्य यंत्र आहे. शुक्रवारी रात्री समतोल टाकी तळापर्यंत उतरवा. शनिवारी सकाळी आठच्या आधी दुसरा ब्लोअर चालू करा, विरघळलेला प्राणवायू २ मिलिग्रॅमवर येण्याची वाट पाहून मग नव्हे. शुक्रवार ते रविवार गाळ काढू नका, सोमवार ते गुरुवार रोज ठरलेला काढा. गाळाचे वय २० दिवसांच्या खाली नको, म्हणजे रविवारचा अमोनिया पेलणारे जिवाणू आठवडाभर टिकून राहतील. आडवारी वीज वाचवायला एक टाकी बंद करण्याचा मोह होतो. टाकी बंद करू नका, हवा कमी करा. बंद टाकीतला गाळ दोन दिवसांत सडतो. यात्रेचा दिवस वेगळा. वज्रेश्वरीच्या चैत्र अमावास्येसारख्या यात्रेला तीस हजार लोक धरले तर प्रवाह १.७ एमएलडीपर्यंत जातो. त्यासाठी केंद्र मोठे करायचे नसते. फिरती शौचालये लावा, त्यांचा मैला टँकरने वेगळ्या टाकीत साठवा आणि पुढच्या दहा-बारा रात्री तासाला अर्धा घनमीटर याप्रमाणे समतोल टाकीत सोडा. गावातल्या सेप्टिक टँकांचा मैलाही असाच घ्यायचा. टँकर थेट वायुवीजन टाकीत रिकामा केला तर त्या दिवशीचा सगळा प्राणवायू तोच खातो.

बिघाडांत सर्वांत जास्त दिसणारा म्हणजे गाळ फुगणे. लिटरच्या नळकांड्यात अर्ध्या तासानंतरचा गाळ मिलिलिटरमध्ये मोजा, त्याला हजाराने गुणून गाळाच्या प्रमाणाने भागा. उत्तर ८० ते १५० असेल तर ठीक, २०० च्या पुढे गेले तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. लांब तंतूंमध्ये चमकणारे गंधकाचे कण दिसले की समजा, सल्फाइड आत येत आहे. निथळ टाकीतून वायुवीजन टाकीत परत जाणाऱ्या गाळात क्लोरीन दिल्याने तंतू मरतात: टाकीतल्या हजार किलो गाळामागे दिवसाला २ ते ३ किलो, म्हणजे इथे १० टक्क्यांचे हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण) ६० ते ९० लिटर. पण तो तात्पुरता इलाज आहे, अमोनियाचे जिवाणूही त्यात मार खातात. खरा इलाज म्हणजे पुन्हा वाहकता मीटर घेऊन चेंबर तपासत जाणे. बहुधा कोणीतरी नवी जोडणी केलेली असते. डिफ्यूझरवर पांढरा थर बसून ब्लोअरचा दाब हळूहळू चढत गेला तर कॅल्शियम. दर महिन्याचा दाब एकाच हवेच्या प्रवाहाला लिहून ठेवा. ५० मिलिबार वाढला की आम्लाने धुण्याची वेळ.

प्रयोगशाळेत एक फसगत ठरलेली आहे. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची मागणी) खोटा जास्त येतो. एक मिलिग्रॅम क्लोराइड जवळपास ०.२३ मिलिग्रॅम प्राणवायू ओढतो. बाहेरच्या पाण्यात ४०० मिलिग्रॅम क्लोराइड असले आणि चाचणीत क्लोराइड बांधून ठेवणारे मर्क्युरिक सल्फेट कमी पडले तर ९० मिलिग्रॅम सीओडी हवेतून उगवतो आणि चांगले चाललेले केंद्र कागदावर नापास होते. क्लोराइडच्या दहापट मर्क्युरिक सल्फेट घालायचे, आणि प्रत्येक अहवालावर क्लोराइडचा आकडा मागायचा. बीओडी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवसांचा करतात. बाहेरच्या प्रयोगशाळेने पाच दिवसांचा, २० अंशांचा दिला तर तुलना करण्याआधी विचारून घ्या.

केंद्रीय अधिसूचनेने २०१७ मध्ये महानगरांबाहेर सोडलेल्या पाण्यात बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅम चालवून घेतला होता. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांत १० मागितला जातो. १० वरच आखणी करा. निथळ टाकीनंतर वाळूची किंवा कापडी गाळणी त्यासाठीच आहे. तानसासारख्या नदीत वरचे धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते. धरणाखाली उन्हाळ्यात पाणी कमी असते, तेव्हा आपण सोडलेले पाणी हीच बरीचशी नदी असते आणि खाली लोक आंघोळ करतात. म्हणून निर्जंतुकीकरण मनापासून करा. लिटरमागे ४ मिलिग्रॅम क्लोरीन, ३० मिनिटांची वळणावळणाची टाकी, साधारण २५ घनमीटर. दिवसाला १० टक्क्यांचे ४५ लिटर हायपो. कोकणच्या उष्म्यात हायपो लवकर मरते, सावलीत ठेवा, पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा नको. नदीत सोडण्याआधी उरलेला क्लोरीन बायसल्फाइटने मारा, एका भागाला दीड भाग.

निविदेत शेवटच्या चाचणीचे कलम नीट लिहून घ्या. कंत्राटदार बहुतेक वेळा फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी नमुने देऊन चाचणी पूर्ण दाखवतो. तुमच्या कलमात चार सलग शनिवार-रविवार, एक यात्रेचा दिवस आणि जुलैचा एक आठवडा हवा. नमुने २४ तासांचे मिश्र हवेत, प्रत्येक नमुन्याबरोबर आत येणाऱ्या पाण्याचे पहाटे ३ चे तापमान आणि वाहकता लिहिलेली हवी. हे दोन आकडे पाहणीत ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेले तर कुंडाचे पाणी कुठून आले ते शोधण्याची जबाबदारी नगर परिषदेची, आणि त्या मर्यादेच्या आत असताना पाणी नापास झाले तर कंत्राटदाराची. पाच वर्षे चालवण्याचे देयकही या नोंदींवरच द्या.